वीजबिल माफ, मग स्टारचा पंप कशाला?

साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाल्यापासून पहिला प्रश्न फिरून फिरून येतो आहे. बाकीचे दोन त्याच्याच मागून आलेले.

प्रश्न : बिल शासन भरतं. मग पाच स्टारच्या पंपाला जादा पैसे का मोजायचे?

प्रश्न रास्त आहे. इथे धोरणाचीच ओढाताण आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली स्थापन झालेली बीईई, म्हणजे केंद्राची ऊर्जा कार्यक्षमता संस्था, कमी विजेत जास्त काम करणाऱ्या पंपांना स्टार देते, आणि मोफत वीज नेमकं ती वाचवण्याचं कारण काढून घेते. म्हणून हिशेब रुपयांत नको, पाण्यात करा. वीज फुकट असली तरी तास मोजकेच मिळतात. समजा, पाणी एकूण ३० मीटर चढवायचं आहे आणि पंप-मोटारीचा संच ३ किलोवॅट वीज ओढतो. कार्यक्षमता ५० टक्के असेल तर तासाला साधारण १८ हजार लिटर पाणी पडतं, ३० टक्के असेल तर ११ हजार. आठ तासांच्या पाळीत तफावत ५० हजार लिटरच्या वर जाते. ऐन उन्हाळ्यात तेवढ्यावर एखादा वाफा तगतो.

आता दुकानात काय बघायचं? बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, ठरवलेल्या किमान कार्यक्षमतेपेक्षा संच किती सरस, त्यावर स्टार ठरतात. पाच स्टारला तो निदान २० टक्के सरस लागतो. पण ही कार्यक्षमता पंपाच्या ठरलेल्या हेडला, म्हणजे पाणी चढवायच्या एकूण उंचीला, मिळते. गरज १५ मीटरची आणि आणला ४० मीटरचा पंप, तर स्टार पाटीवरच राहतात. उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, शेताचा चढ, पाइपची लांबी आणि व्यास चिठ्ठीवर लिहून न्या आणि नेमप्लेटवरची हेड रेंज त्याच्याशी ताडून बघा. ‘एक एचपी जास्तच घ्या’ हा सल्ला मात्र ऐकू नका.

जुने पंप बदलण्याचा बीईईचा पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला झाला होता. बचत ज्याच्या पदरात पडते त्यानेच पंपाचा खर्च उचलावा, हा त्यामागचा विचार मला तरी नुसत्या बिलमाफीपेक्षा पटतो.

प्रश्न : मोटार वारंवार जळते. नवीनच घेऊ का?

आधी ऑटोस्विच काढा. वीज येताच डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं आणि वाइंडिंग जळतं. एचपीप्रमाणे योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. मात्र हे एकट्याने करून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी करायला हवं. मोटार अनेकदा रिवाइंड झाली असेल, तर बदललेलीच बरी.

प्रश्न : सौरपंप घ्यावा का?

पाण्याचा शाश्वत स्रोत आहे पण वीजजोडणी नाही, अशांसाठी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आहे. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पॅनेल ठरलेलेच असतात आणि ढगाळ दिवशी पाणी घटतं, त्यामुळे मोकाट पाणी देणाऱ्याला हा पंप अपुरा वाटणारच. सोबत ठिबकचाही अर्ज करा. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, त्यावर राज्याचं पूरक अनुदान वेगळं. ठिबकच्या फिल्टरला आणि लॅटरलला (पिकाच्या ओळीतल्या नळीला) लागणारा दाबही हेडमध्येच मोजतात. तो आकडा पंपाच्या सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला आधीच सांगा, नंतर पंप बदलून मिळत नाही.