ग्राफीनला व्होल्टेज लावण्याआधी

सोन्याच्या नॅनोरचनांवर ग्राफीन (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर) ठेवून त्याचं उष्णतेने होणारं अवरक्त उत्सर्जन व्होल्टेजने बदलायचं, हा आपला प्रयोग. नवीन नमुना हातात आला की लगेच गेट व्होल्टेज (ग्राफीनमधले विद्युतवाहक कमी-जास्त करणारं व्होल्टेज) लावायचा मोह होतो. तो आवर. आधी तसाच, पण ग्राफीन नसलेला सोन्याचा नमुना तापवून त्याचा वर्णपट घे. सपाट सोनं अवरक्तात जेमतेम २-३ टक्के उत्सर्जन करतं, म्हणून तर त्यावर नॅनोरचना कोरायच्या. किर्खहॉफचा नियम इथे सोबतीला आहे: ज्या तरंगलांबीला शोषण जास्त, तिथेच उत्सर्जनक्षमता जास्त. म्हणजे थंड नमुन्याचं परावर्तन मोजलंस तरी अर्धं काम झालं.

ग्राफीन सलग धातूला थेट चिकटलं तर गेट चालणारच नाही, मध्ये विद्युतरोधक थर हवा. आणि तिथेच खरी गोम आहे. तो थर सिलिकॉन डायऑक्साइडचा असेल तर ९ मायक्रोमीटरच्या आसपास त्याचं स्वतःचं शिखर दिसतं. मी आठवडाभर त्यालाच ग्राफीनचा प्लाझमॉन (इलेक्ट्रॉनांचं सामूहिक आंदोलन) समजून खूश होतो! व्होल्टेज बदलल्यावर जे जागचं हलत नाही, ते ग्राफीनचं नव्हे. वाहक वाढले की ग्राफीनच्या प्लाझमॉनचा अनुनाद, म्हणजे त्याचं शिखर, कमी तरंगलांबीकडे सरकायला हवा. मात्र फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती पातळी, हा अनुनाद तिच्यावरच ठरतो) वाहकघनतेच्या वर्गमुळाने वाढते. घनता दुप्पट केली तरी ती १.४ पटच होते, तेव्हा फार मोठ्या उडीची आशा धरू नकोस.

शून्य व्होल्टला ग्राफीन उदासीन असतं असंही गृहीत धरू नकोस. हवा आणि पॉलिमरचे अवशेष त्याला आधीच डोप करतात, म्हणजे त्यात जादा वाहक आणतात. रोध मोजून डिरॅक बिंदू (ज्या गेट व्होल्टेजला वाहक सर्वांत कमी आणि रोध सर्वांत जास्त असतो तो) शोध, मगच आलेख काढ. तापवायचं ते निर्वातातच.