ॲव्हरेज घसरला, पण कुणाचा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी जुळे सोलापूरला राहतो. माझ्याकडं १४ महिन्यांचा कारवान जातीचा कुत्रा आहे, खंड्या नाव. डिसेंबरपासून त्याला हार्नेस (अंगात घालायचा पट्टा) घालून, दोरीनं बांधून एमटीबीच्या (माउंटन बाईक) पुढं पळवतोय, बाईकजोरिंग म्हणतात ते. विजापूर रोडच्या पलीकडं कच्च्या रस्त्यानं रोज ४ किलोमीटर. स्ट्राव्हा ॲपवर डिसेंबरात ॲव्हरेज ताशी १९ किलोमीटर यायचा, आता फेब्रुवारी संपत आला तर १५. मित्र म्हणतात आळशी झालाय, अंतर वाढव. वाढवू का? स्क्रीनशॉट जोडलेत. ता. क. नान्नजच्या माळावर लांब राईड जमेल का?

उत्तर : अजिबात वाढवू नका. आणि त्या मित्रालाच एकदा हार्नेस घालून सकाळी पावणेआठला पळवून बघा.

पावणेआठ का, तर तुम्ही स्क्रीनशॉटमध्ये स्पीड बघितला, मी घड्याळ बघितलं. डिसेंबरात सुरुवात सव्वासहाला, आता ७:४०ला. सोलापूरचा फेब्रुवारी म्हणजे थंडी नुसती नावाला, ऊन चढलं की माती तापायला लागते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, अंगातली गरमी तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. परदेशात हा खेळ शरद-हिवाळ्यात खेळतात ते उगीच नाही, पारा १५-१६च्या वर गेला की तिकडची मंडळी सावध होतात. आपल्याकडं ही वेळ पहाटेचीच, तीही थोडेच महिने.

दुसरं, मूव्हिंग टाइम (सायकल चालू असतानाचा वेळ) डिसेंबरात १३ आणि आता १६ मिनिटं दिसतोय, पण एकूण वेळ बघा की, तेव्हा १४ आणि आता २३. म्हणजे खंड्या सात मिनिटं थांबत होता आणि ॲपनं ती हिशोबातच धरली नाहीत. ॲप सायकल मोजतं हो, कुत्रा नाही! म्हणून एक साधी वही करा. निघायची वेळ, तापमान, दोरी कुठपर्यंत ताठ होती, कुठं ढिली पडली, आणि थांबल्यावर धाप किती मिनिटांत बसली. हा शेवटचा आकडा मला ॲव्हरेजपेक्षा जास्त पटतो, तो वाढत चालला की दुसऱ्या दिवशी सुट्टी.

रोज पळवणं पण बंद. आठवड्यातून तीन दिवस बास. आधी दहा मिनिटं नुसतं चालवा, मग ३००-४०० मीटर पळ, मग दुडकी चाल, असं करत २ किलोमीटर, आणि पॅडल तुम्ही मारायचं, चढाला तर नक्कीच. अजून त्याची हाडं भरतायत, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बाईकजोरिंगला कुत्रा दीड वर्षाचा लागतो. शिवाय कारवान नजरेनं शिकार करणारा, झपाट्यानं धावणारा गडी, त्याच्याकडून बैलासारखी ओढ मागू नका. पातळ कातडीची जात आहे, बगलेत हार्नेस घासतोय का आणि पंजात बाभळीचा काटा नाही ना हे घरी आल्यावर हात फिरवून बघा. निघायच्या आधी भाकरी-दूध घालू नका, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडायची भीती असते. दोरी बंजीचीच (रबरासारखी ताणणारी) हवी आणि हँडलखालून पुढं येणारा दांडा लावलाय ना? नाहीतर ढिली दोरी थेट पुढच्या चाकात.

(डावा-उजवा शिकवू नका, दोन्हीचा शेवट सारखाच ऐकू येतो, पोरगं गोंधळतं. उजवीकडं ‘जी’, डावीकडं ‘हॉ’, जुने स्लेजवाले म्हणतात तेच.)

नान्नज, नाही म्हणजे नाही. माळढोकचं अभयारण्य आहे ते, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी, तिथं कुत्रा न्यायचाच नाही. आणि समोरून काळवीट गेलं तर खंड्या ‘थांब’ ऐकणार नाही, तुम्ही सायकलसकट त्याच्या मागं.