जहाज पाण्यावर तरंगतं, मग त्याला अर्थिंग कुठं देतात? फॉल्ट आला तर शॉक बसत नाही का?

मी पैठण तालुक्यातला, मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर. खलाशी म्हणतात ‘बत्तीसाब’. हाच प्रश्न आमचे चुलते दर सुट्टीत विचारतात. त्यांच्या मोटारीच्या अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडाठाक पडतो, कोळसा-मीठ असूनही घागरभर पाणी ओतावं लागतं. "तुझं बरंय, अख्खा समुद्र अर्थिंगला!"

जहाजाचं पोलादी अंग हीच आमची जमीन. प्रत्येक मोटारीची, पॅनेलची बॉडी त्याला पक्की जोडलेली असते. इथवर घरासारखंच. पण गावाकडं डीपीचा न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो, तर जहाजावरचा ४४० व्होल्टचा सप्लाय पोलादापासून मुद्दाम अलग ठेवतात. त्यामुळं एक फेज बॉडीला टेकली तरी ब्रेकर पडत नाही. अरुंद खाडीत सुकाणूची मोटार बंद पडण्यापेक्षा ते परवडतं. (६.६ केव्हीच्या जहाजांवर मात्र न्यूट्रल बहुधा रेझिस्टन्समधून अर्थ करतात.)

मग फॉल्ट कळतो कसा? मेन स्विचबोर्डवर तीन दिवे असतात, दर फेजला एक. एका पहाटे बटण दाबलं तर एक जवळपास विझलेला, उरलेले दोन नेहमीपेक्षा लख्ख. म्हणजे विझलेल्या दिव्याची फेज बॉडीला लागलेली. सुकाणू वगैरे सोडून एकेक सर्किट बंद करत गेलो. गॅलीचं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराचं, बंद केलं आणि तिन्ही दिवे सारखे झाले. हॉटप्लेटच्या हीटरमध्ये ओल शिरली होती. भंडारी (जहाजावरचा स्वयंपाकी) कणकेचे हात घेऊन माझ्याकडं बघत उभा. त्या दिवशी सगळ्यांना पाव.

असा फॉल्ट तसाच ठेवला आणि दुसरी फेजही कुठं टेकली, तर पोलादातूनच थेट शॉर्ट. तेव्हा ब्रेकर पडतो, आणि तो नेमका कशाचा हे आपल्या हातात नसतं. आणि शॉक? बसतो, चांगलाच. एक फेज आधीच टेकलेली असताना दुसरीला हात लागला तर पूर्ण ४४०.

लाकडी किंवा फायबरच्या बोटीला पोलाद नसतं, तिथं पाण्याखाली तांब्याची किंवा ब्राँझची प्लेट लावतात. किनाऱ्यावरून वीज घेतली तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. गोडं पाणी जास्त घातक, बरं का. खारं पाणी माणसापेक्षा चांगलं वाहक, म्हणून करंट बराचसा बाजूनं जातो. गोड्या पाण्यात तो पोहणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो, हातपाय आखडतात आणि माणूस बुडतो. नाथसागराचं पाणी उन्हाळ्यात मागं सरलं की चुलते मोटार पुढं सरकवतात, वायरला टेप गुंडाळलेला जोड देतात. तो जोड पाण्यात दिसला की मी आधी मेन स्विच पाडतो, मग रामराम घालतो.