ताई, चष्म्याचाच नंबर टाकला, मंग अंधुक काऊन दिसते?

प्रश्न: नमस्कार ताई. माझं वय २२, गाव घाटंजी तालुक्यात. सातवीपासून चष्मा हाय, पोट्टे अजून ढापणी म्हणतात मले. दीड वर्षाआधीच्या कागदावर उजवा वजा ६.५०, त्याले सिलिंडर म्हणजे तिरपा नंबर वजा १.२५ न ॲक्सिस म्हणजे त्याचा कोन १८०, डावा वजा ५.७५ न सिलिंडर वजा ०.५०. मावसभावाच्या लग्नासाठी मोबाइलवरून महिनावारी कॉन्टॅक्ट लेन्स मागवल्या, तिथं सिलिंडरचा रकानाच नव्हता म्हणून नुसता ६.५० न ५.७५ टाकला. लग्नात पाच तास घातल्या. लांबचं दिसते पण उजव्या डोळ्यानं एसटीची पाटी पाहिली की अक्षराले सावली पडते, न मोबाइल पाहिला की कपाळ ठणकते. लेन्स डुप्लिकेट निघाल्या का? आन आमच्या घरी बोरचं पाणी हाय, ते उकळून लेन्स धुतल्या तर चालते का?

उत्तर: पोरी, आधी पाण्याचं सांगते. नाही चालत. बोरचं नाही, विहिरीचं नाही, नळाचं नाही, उकळलेलं नाही न फिल्टरचंही नाही. पाण्यात अकँथामीबा नावाचा एक जीव असतो, डोळ्याला दिसत नाही, तो लेन्सखाली जाऊन बसला की बुबुळाला अशी जखम करतो की महिनोन्‌महिने औषध टाकावं लागतं आणि कधी कधी तरी फूल पडतंच. लेन्स फक्त तिच्या सोल्युशननेच धुवायची, तळहातावर ठेवून बोटाने चोळून, आणि डबीतलं कालचं सोल्युशन रोज फेकायचं, त्यातच वरून नवीन थोडं ओतून काम भागवायचं नाही. अंघोळीला जायच्या आधी लेन्स काढायची. हात साबणाने धुवून चांगले कोरडे करायचे, नाहीतर बोटावरचं तेच पाणी लेन्सवर जातं.

आता नंबर. लेन्स डुप्लिकेट आहेत का ते मला इथं बसून कळणार नाही, पण जो त्रास तू लिहिलास तो व्हायला लेन्स डुप्लिकेट असायची गरजच नाही. एक कर, चष्मा घालून लांब बाभळीकडे पाह्य आणि चष्मा हळूहळू नाकाच्या शेंड्यावर सरकव. बाभूळ अंधुक होते ना? मायनसचं भिंग डोळ्यापासून लांब गेलं की त्याचा जोर कमी पडतो. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलीमीटर लांब बसतो, म्हणून त्यात नंबर थोडा जास्त ठेवावा लागतो, लेन्स मात्र थेट बुबुळावर बसते. वजा ४ च्या आत हा फरक नगण्य, त्याच्या वर गेलं की मोजावाच लागतो. तुझा उजवा ६.५० लेन्समध्ये ६.०० च्या आसपास येतो. म्हणजे तू अर्धा नंबर जास्तीचा घातलास, मग जवळचं पाहताना डोळ्याला फुकटचा जोर लावावा लागतो न कपाळ ठणकतं.

आणि अक्षराची सावली ही सोडून दिलेल्या सिलिंडरची. सव्वाचं सिलिंडर सोडता येत नाही, त्याला टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली लेन्स लागते, ती डोळ्यात गरगर फिरू नये म्हणून खालून जराशी जड केलेली असते. डाव्याचं अर्धं सिलिंडर साध्या लेन्समध्येच मिळवून घेतात, ५.५० च्या जवळपास काहीतरी निघेल. पण बाई, मी लिहिलेले हे आकडे पाहून परत मोबाइलवर ऑर्डर टाकू नकोस! कागदच मुळात दीड वर्षाचा जुना आहे, आणि लेन्सच्या कागदावर नंबराशिवाय बेस कर्व्ह म्हणजे लेन्सची गोलाई, ८.४ का ८.६, आणि डायमीटर, १४ मिलीमीटरच्या आसपास, हेही असावं लागतं. चष्म्याच्या कागदावर ते नसतंच. गोलाई चुकली तर लेन्स एकतर बुबुळाला आवळून बसते नाहीतर पापणी मिटली की घसरते.

म्हणून नंबर काढायला जाशील तेव्हा सांग की लेन्ससाठी तपासायचं आहे. मशीनमध्ये फुगा का घर दाखवून जी चिठ्ठी निघते तो नुसता अंदाज असतो, त्यानंतर पाटीसमोर बसवून 'हे बरं का ते बरं' विचारलं पाहिजे, बुबुळाची गोलाई मोजली पाहिजे, आणि ट्रायलची लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बसवून, ती नीट हलते का ते मशीनखाली पाहून, वरून पुन्हा नंबर तपासला पाहिजे. एवढं जिथं करत नाहीत तिथून लेन्स घेऊ नको, मग दुकानाची पाटी केवढीही मोठी असो. लेन्स घालायला नि काढायला तिथंच शिकून घे. तुझा नंबर सहाच्या वर आहे म्हणून थेंब टाकून पडदाही तपासून घे, सेवाग्रामला नाहीतर यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला जाता येईल. त्या दिवशी सोबत कोणीतरी ने, थेंबानं चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. आणि मधातच कधी डोळ्यात चमका मारल्या किंवा एकदम काळ्या माशा उडताना दिसल्या तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नको.

महिनावारी लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून एक महिना. चारच दिवस घातली म्हणून ती पुढच्या लग्नाला चालत नाही. तुला लग्नाकार्यालाच पाहिजे असेल तर माझ्या मते रोज फेकायच्या लेन्स घे, एका जोडीला महाग पडतात पण डबी न सोल्युशनची झंझटच नाही, आणि रात्री लाइन गेल्यावर अंधारात लेन्स कशी धुवू हाही प्रश्न नाही. लेन्स घालून झोपायचं नाही. मी स्वतः एकदा नागपूरहून येताना एसटीत लेन्ससकट झोपले, यवतमाळला उतरले तेव्हा डोळा टमाट्यासारखा लाल न उजेड बघवेना, आठ दिवस चष्म्यावर काढले. माझा धंदाच हा, तरी! डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं की लेन्स आधी काढ, मेडिकलवरून आपल्या मनाने थेंब आणू नको, डॉक्टरला दाखव. न चष्मा तर नवीन नंबरचा करून ठेवच, लेन्सवाल्यालाही चष्मा लागतोच.

प्रश्न: ताई, मी शेतकरी, वय ३४, नंबर वजा ३. फवारणीच्या वेळी मास्क लावला की चष्म्यावर वाफ जमते न पऱ्हाटीची ओळच दिसत नाही. लेन्स घेऊ का?

उत्तर: भाऊ, फवारणीला तर बिलकुल नाही. औषधाचा तुषार लेन्सखाली अडकून बसतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी न मजूर दगावले, ते तुम्ही पाहिलंच आहे. चष्म्यावरून बसेल असा बंद गॉगल घ्या आणि मास्कची नाकावरची पट्टी घट्ट दाबून बसवा, वाफ तिथूनच वर येते. थ्रेशरवर, कुटार भरतानाही तसंच. कुटाराचा कण किंवा पऱ्हाटीचं टोक लागून डोळ्यात बुरशीची जखम झालेली माणसं मी दर हंगामात पाहते. लागलं तर दवाखाना गाठा, कुणी सांगितलं म्हणून दूध टाकू नका. औषध उडालं तर मात्र जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्यानं तिथंच धुऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि औषधाची बाटली किंवा निदान लेबल सोबत घेऊन जा. लग्नाकार्याला लेन्स घालायची तर घाला, तुमचा नंबर तीनच आहे, चष्म्याचा न लेन्सचा जवळपास सारखाच येईल. पण गोलाई मोजून घ्या.