मोटर गुणगुणते पण फिरत नाही

प्रश्न : विहिरीवरची ५ एचपीची थ्री फेज मोटर आहे, बटण दाबलं की नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि थोड्या वेळात स्टार्टर ट्रिप होतो. वायरमन म्हणतो वायंडिंग जळलं, रिवाइंडिंग करा. खरंच जळलं असेल का?

उत्तर : लगेच खोलायला देऊ नका हो! ही लक्षणं बहुतेक वेळा एक फेज गेल्याची असतात, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडालेला नाहीतर कॉन्टॅक्टरचा, म्हणजे स्टार्टरमधल्या सप्लाय जोडणाऱ्या स्विचचा, एखादा पॉइंट काळा पडलेला. आणि टेस्टरवर अजिबात विसंबू नका, कारण गेलेल्या फेजवर पण मोटरच्या वायंडिंगमधून करंट उलटा येतो आणि टेस्टर मस्त लागतो, त्यामुळे मीटर घेऊन स्टार्टरच्या आउटगोइंगला (जिथून वायरी मोटरकडे जातात तिथे) दोन-दोन फेजमध्ये व्होल्टेज बघा, तिन्ही जोड्यांत साधारण ४१५ व्होल्ट हवं. ते बरोबर असेल तर सप्लाय बंद करून शाफ्ट हाताने फिरवा, अडकला तर बेअरिंग किंवा पंप जाम. मोकळा फिरला तरच वायंडिंगकडे वळा, मोटरच्या वायरी काढून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वायंडिंग आणि बॉडीमध्ये लावा, १ मेगाओहमच्या खाली आलं तर ओल किंवा इन्सुलेशन गेलंय. वायंडिंगच्या आतला शॉर्ट मात्र मेगरला दिसेलच असं नाही, त्यासाठी तिन्ही वायंडिंगचा रेझिस्टन्स सारखा आहे का बघावा लागतो. तोवर सारखं सारखं बटण दाबू नका, चांगली मोटर जळते ती त्यानेच.