विद्यापीठात कॅनडावर एक दिवसाचा कार्यक्रम करायचा आहे, काय ठेवावं?

सिएटलमधल्या विद्यापीठात कॅनडा अभ्यासाचा एक दिवसाचा कार्यक्रम तुमच्याकडे आलाय आणि विषय, वक्ते, खर्च यांबद्दल तुम्ही विचारताय. मेपल सिरप, आइस हॉकी आणि झेंड्यांची सजावट आधी यादीतून काढा. गर्दी होते, पण कॅनडा म्हणजे जास्त थंडीची अमेरिका हा समज घेऊन आलेले लोक तोच समज घेऊन परत जातात.

वॉशिंग्टन राज्यात बसून विषय शोधायची गरजच नाही. डेसॉटेल खटला घ्या. रिक डेसॉटेल हे अमेरिकी नागरिक, राहणारे याच राज्यातल्या, मूळ रहिवासी जमातींसाठी राखून ठेवलेल्या कोलव्हिल प्रदेशातले. ऑक्टोबर 2010 मध्ये त्यांनी ब्रिटिश कोलंबियात एक मादी एल्क (मोठ्या आकाराचं हरीण) मारली आणि वन्यजीव अधिकाऱ्यांना स्वतःच कळवलं. परवाना नाही, प्रांताचे रहिवासी नाही, म्हणून गुन्हा दाखल झाला. त्यांचं म्हणणं एकच: ही आमच्या सिनिक्स्ट जमातीच्या पूर्वजांची शिकारीची जमीन आहे. 1846 च्या ओरेगन कराराने 49 व्या अक्षांशावरून ओढलेली सीमारेषा या जमिनीच्या मधून गेली. पुढे 1956 मध्ये कॅनडा सरकारने तिथली अ‍ॅरो लेक्स जमात (म्हणजे सिनिक्स्टच) कागदोपत्री नामशेष ठरवली. 2021 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला: 1982 च्या राज्यघटनेतल्या कलम 35 ने मूळ रहिवाशांना दिलेले हक्क आज कॅनडाबाहेर राहणाऱ्या समूहालाही असू शकतात.

यावर दीड तासाचं सत्र करा. पहिली पंधरा मिनिटं फक्त नकाशा: कोलंबिया नदी, अ‍ॅरो तलाव, केटल फॉल्स हा धबधबा. मग विद्यार्थ्यांचे दोन गट करून बहुमताचा आणि असहमतीचा निकाल समोरासमोर वाचायला लावा. निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. निवडक परिच्छेदांच्या छापील प्रती आठवडाभर आधी वाटा, नाहीतर सत्र सारांश सांगण्यातच संपतं. दुपारी 1961 चा अमेरिका-कॅनडामधला कोलंबिया नदी करार घ्या. त्याआधीच याच नदीवरच्या ग्रँड कूली धरणाने केटल फॉल्स बुडवला, सामन मासे वर जायचे थांबले, त्यामुळे दोन्ही सत्रं एकाच नदीवर राहतात.

वक्ता जमातीतलाच बोलवा, आणि मुख्य भाषणासाठी. सुरुवातीला भूमीचं ऋण मानणारी दोन वाक्यं म्हणायला बोलवायचं आणि मग माइक प्राध्यापकांकडे द्यायचा, हा प्रकार मला अपमानास्पद वाटतो. कॅनडातून प्राध्यापक येणार असतील तर बी-1 (अमेरिकेत कामकाजासाठी थोड्या काळाच्या भेटीच्या) दर्जावर मानधन घेता येतं: एका संस्थेत जास्तीत जास्त 9 दिवस, 6 महिन्यांत 5 पेक्षा जास्त संस्था नाहीत. निमंत्रणपत्रात तारखा आणि मानधन स्पष्ट लिहा. लेखा विभागाला आधीच गाठा. कागद अपुरे असले की 30 टक्के कर कापला जातो आणि वक्ता तुमच्यावर चिडतो.

‘कायद्याचा विषय रुक्ष, लोकांना संस्कृती हवी’ असं समितीत कुणीतरी म्हणेलच. कुठल्या जमिनीवर शिकार करायची, कुणाच्या नदीत मासा धरायचा, यापेक्षा वेगळी संस्कृती कोणती, हे त्यांना विचारा.

एक राहिलं: सीमेपलीकडे सहल ठरवली, तर भारतीय पासपोर्टवाल्या विद्यार्थ्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल आणि आय-20 वर (विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेला कागद) प्रवासाची सही चालू असावी लागेल. हे आधी तपासा, मगच बस ठरवा.