भाव न करणारं गिऱ्हाईक

या वेळच्या टपालात आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रांत निम्मी एकाच दुखण्याची आहेत. जुना मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही ऑनलाइन विकायला टाकला की जे फोन सुरू होतात, त्यांतला खरा कुठला आणि खोटा कुठला? मी पोलिसांतली नाही, बँकेतलीही नाही. बेळगावात शहापुरात आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. आत आमचे हे सोल्डरिंग करत बसतात, बाहेर काउंटरवर बावीस वर्षं मी. जुन्या वस्तूंची घेव-देवही चालते. तेवढ्या अनुभवावर लिहिते.

वैनी, नमस्कार. मुलीचा लॅपटॉप १८ हजारांना ॲपवर टाकला. दहा मिनिटांत फोन. हिंदीत बोलत होता. आर्मीत आहे म्हणाला, बेळगावच्या मराठा सेंटरला होतो, आता जम्मूला बदली झाली, बहिणीसाठी लॅपटॉप पाहिजे. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीनचं कार्ड सगळं पाठवलं. किमतीत एक रुपया कमी करा म्हणाला नाही. पैसे मिलिटरीच्या खात्यातून येतात, त्यासाठी तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करायचा म्हणे. आधी पाच रुपये टाकून बघा, दहा परत येतील. टाकले तर खरंच दहा आले! आता १८ हजारांचा कोड आलाय. आमचे मालक म्हणतात, सैनिक माणूस, त्याच्यावर कशाला संशय. मला काय करावं कळंना झालंय.
— एक भगिनी, खानापूर तालुका

तुमचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. ताटावरून उठून मी आधी ‘स्कॅन करू नका’ एवढंच लिहून पाठवलं. आता सविस्तर सांगते.

क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. भाजीवालीच्या पाटीवरचा कोड आपण स्कॅन करतो तेव्हा पैसे कुणाचे जातात? आपलेच ना! मिलिटरीचा कोड असला म्हणून तो उलटा चालत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, यूपीआय २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून हे असंच आहे. तुमचे पाच घेऊन त्याने दहा दिले, ते त्याचं बियाणं. पाच रुपयांत तुमचा विश्वास पेरून १८ हजारांचं पीक काढायचं होतं. पूर्वी ही मंडळी थेट ‘पैसे मागणी’ पाठवायची, माणूस घाईत ‘हो’ दाबून मोकळा व्हायचा. एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे अशी मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. व्यापारी खात्यांना ती अजून आहे आणि क्यूआर कोड तर कुणीही पाठवू शकतो, तेव्हा निर्धास्त होऊ नका.

आता मालकांच्या म्हणण्याबद्दल. त्यांचा राग येऊ देऊ नका. आपल्या भागात घराआड एक माणूस फौजेत असतो. मराठा सेंटर म्हटलं की आपण खुर्चीवरून उठून उभे राहतो. ठकाला हे माहीत आहे, म्हणून तर तो वर्दी घालून येतो. तुम्हाला आलेलं ओळखपत्र कुणा खऱ्या जवानाचंही असेल, पण तो जवान स्वतःच असाच फसलेला असायचा. त्यानेही कधीतरी काहीतरी विकताना ‘विश्वास पटावा म्हणून’ कार्डाचा फोटो पाठवला असेल. म्हणून सांगते, तुमचं आधार कार्ड कुणालाही पाठवू नका. उद्या त्याच कार्डावर तुमच्या नावाने दुसऱ्याला टोपी घालतील.

कॅम्पातून आमच्या दुकानात बरेच जवान येतात. भाव न करता गेलेला एकही मला आठवत नाही. मागच्या आठवड्यातलंच बघा. सुट्टीवर गावी निघालेला एक हवालदार बायकोसाठी जुना मोबाइल घ्यायला आला. आधी सिमचा ट्रे काढून उजेडात धरला, आत पाणी गेलंय का बघायला. मग स्वतःचंच सिम घालून त्यावरून बायकोला कॉल लावला, स्पीकर कानाला लावून तिच्याशी बोलला, तिला विचारलं, “आवाज फुटतोय का?” कॅमेऱ्याने आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि मोठा करून तारखा वाचल्या. सात हजारांचा फोन सहा हजार दोनशेला मागितला, साडेसहाला घेतला, वर टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर फुकट. जाताना बिलावर दोन्ही आयएमईआय नंबर, म्हणजे फोनच्या ओळखीचे नंबर, लिहून घेतले. माल घरी न्यायचा असतो ना, तो माणूस असा असतो.

तुमच्या जम्मूवाल्याने बॅटरी किती टिकते ते विचारलं? हार्ड डिस्क केवढी, चार्जर मूळचा आहे का? नाही विचारलं. कारण त्याला लॅपटॉप नकोच होता. भाव न करणारं गिऱ्हाईक आलं की माझे तर कान टवकारतात.

ता. क. परवा या भगिनींचा मेसेज आला. लॅपटॉप १६,२०० ला गेला. नंदगडचा एक कॉलेजचा पोरगा वडिलांना घेऊन घरी आला, दोन तास चालवून बघितला, दोनदा चहा प्याला आणि लॅपटॉपची बॅगही मागून नेली.

मोबाइल ११ हजारांना ठरला. खात्यात २१ हजार आले, मी स्वतः बँकेच्या ॲपमध्ये बघितले, खरे आहेत. लगेच त्याचा फोन, रडवेला: चुकून दहा हजार जास्त गेले, बायको दवाखान्यात आहे, या दुसऱ्या नंबरवर तेवढे परत टाका. मोबाइल अजून माझ्याकडेच आहे. परत टाकू का? माणुसकी म्हणून टाकावे वाटतात.
— एक वाचक, निपाणी

बहुतेक वेळा यात पैसे आलेलेच नसतात, नुसता मेसेज असतो. तुम्ही ॲप उघडून बघितलंत हे उत्तम केलंत. पण तुमचं प्रकरण मला त्याहून वाईट वाटतं.

पैसे कुणाच्या नावाने आलेत ते बघा. तुम्ही पुढे पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाव वेगळं दिसतंय, गिऱ्हाइकाचं नाही. हे २१ हजार तिसऱ्याच कुणाला तरी फसवून काढलेले असू शकतात. तसं असेल तर तो तिसरा माणूस तक्रार करणार, पोलिस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येणार आणि बँक तेवढी रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठवून ठेवणार. दहा हजार तुम्ही भलत्याच नंबरवर परत केलेले, मोबाइल दिलेला आणि वर चौकशीला उत्तरं देत बसायची. चोरीचा पैसा धुवायला तुमचं खातं म्हणजे त्याची परातच.

तेव्हा दुसऱ्या नंबरवर काही टाकू नका. ते पैसे खर्च करू नका. मोबाइल देऊ नका. उद्या सकाळी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला, अमुक नंबरच्या व्यवहाराने माझ्या खात्यात अनोळखी रक्कम आली, ती ज्या खात्यातून आली तिथेच परत जावी. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी नंबर असतो, तो त्यात लिहा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, तो महत्त्वाचा. गिऱ्हाइकाला सांगा, तुझ्या बँकेत तक्रार दे, तिथून रीतसर येऊ दे. खरा असेल तर जाईल. बायको दवाखान्यात असलेला माणूस जुना मोबाइल घेत बसत नाही हो, हे मी आपलं बाईमाणूस म्हणून सांगते.

समोरच्याने पैसे पाठवल्याचा हिरवा टिक दाखवला, आपल्या मोबाइलवर बँकेचा मेसेजही आला. मग तर वस्तू द्यायला हरकत नाही ना?
— वाचक, टिळकवाडी

आहे. आणि हे मी शिकले ते पदरचे साडेसहा हजार घालून.

गणेश चतुर्थीचा आदला दिवस होता. दुकानात लाइटच्या माळा, फोकस, माइक, नुसती झुंबड. कुठल्याशा मंडळाचा म्हणून एक पोरगा आला, कपाळाला गुलाल, जुना ॲम्प्लिफायर पाहिजे म्हणाला. किंमत सांगितली, हो म्हणाला. (आता कळतं, तिथेच थांबायला पाहिजे होतं. गणपतीच्या पोरांनी भाव केला नाही?) मोबाइल माझ्यापुढे धरला, हिरवा टिक, टुंग असा आवाजही. तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज: खात्यात ६,५०० जमा. दिला उचलून, वर ‘मोरया’ म्हटलं!

रात्री हिशेबात तेवढेच कमी. मेसेज पुन्हा उघडला तर तो दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचा मेसेज कधी असा येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं असतात. टिक दाखवणारं ॲपही नकली मिळतं, रक्कम टाका, नाव टाका, आवाजासकट सगळं दिसतं. त्या पोराने मेसेज स्वतःच टाइप करून पाठवला होता, आणि मी फक्त आकडा वाचला.

आमचे हे काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो डबा आणून काउंटरवर ठेवला, बस्स. पण अजून हिशेबात शंभर रुपये कमी पडले की आतून विचारतात, “ॲम्प्लिफायर गेला काय गं?”

घरून विकणाऱ्याकडे डबा नसतो. मग त्याचा फोन बघायचाच नाही, आपल्या फोनवर आलेल्या मेसेजवरही जायचं नाही, आपलं बँकेचं ॲप आपण उघडायचं आणि शिल्लक वाढली का ते बघायचं. रेंज नसेल तर रेंज येईपर्यंत वस्तू आपल्या हातात. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर चहा टाका.

मी चंदगड तालुक्यातला, नोकरी बेळगावात. टीव्ही विकताना ‘कुरिअरचा विमा, नंतर परत मिळेल’ म्हणून दोन वेळा मिळून ९,४०० रुपये भरून बसलो. बेळगावात तक्रार द्यायला गेलो तर म्हणाले, तुम्ही महाराष्ट्रातले, तिकडे द्या. तिकडे म्हणाले, प्रकार कर्नाटकात झाला. आठ दिवस शिनोळीचा नाका ओलांडतोय.
— एक वाचक

विकणाऱ्याने पैसे भरायचे असा व्यवहार जगात नसतो, पण ते आता तुम्हाला सांगून काय उपयोग.

हद्दीचं बोलू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. शून्य क्रमांकाने नोंदवून ते पुढे योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम त्यांचं. ‘झिरो एफआयआर’ हा शब्द वापरा आणि कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या, बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं पडतं. अर्ज मराठीत दिलात तरी सोबत इंग्रजी प्रत जोडा, कागद पुढे कुठल्या राज्यात जाईल सांगता येत नाही.

पण खरं तर ठाण्याच्याही आधी १९३० ला फोन करायचा होता. सायबर फसवणुकीचा हा नंबर सगळ्या देशाला एकच आहे, दोन्हीकडून लागतो. पैसे गेल्यावर ते तासाभरात चार खात्यांतून फिरतात. त्याआधी तक्रार पोचली तर वाटेत अडवता येतात, म्हणून तिथे मिनिटं मोजायची. आठ दिवसांनी आशा थोडी, तरी आजच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी नंबर, त्याचा मोबाइल नंबर, चॅटचे फोटो, सगळं जोडा. चॅट रागाने पुसून टाकू नका.

सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमच्या ९,४०० साठी तेवढं थांबायचं कारण नाही.

घरी बोलवावं की बाहेर भेटावं? आणि मोबाइल देण्याआधी काय काय पुसायचं?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

एकटी असशील तर घरी बोलवू नकोस गं. दिवसाउजेडी, कॅमेरा असलेल्या जागी, बँकेच्या दारात किंवा ओळखीच्या दुकानात भेट. सोबत कुणीतरी घे. त्याची गाडी असेल तर नंबर सहज टिपून ठेव, केए-२२ असो की एमएच-०९.

पुसण्याआधी गूगलच्या खात्यातून बाहेर पड, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद कर. नाहीतर रिसेट केल्यावरही तो तुझाच पासवर्ड मागत बसतो आणि गिऱ्हाईक रात्री अकराला तुला फोन करतं. पैशांची ॲप आधी काढ, मग रिसेट, मग सिम आणि मेमरी कार्ड काढलंय का पुन्हा बघ. मेमरी कार्ड हमखास राहतं. आमच्या ड्रॉवरमध्ये लोकांची विसरलेली अकरा आहेत, एकावर अख्ख्या लग्नाचे फोटो आहेत. ज्यांचं असेल त्यांनी नवरीच्या शालूचा रंग सांगून घेऊन जावं.